भुंड्याची शिंगाळ वासरं

माणसं आपल्या घराण्याबद्दल बोलताना मोठी सढळ असतात. कुणाचे पणजोबा नामांकित वैद्य असतात, कुणाच्या खापरपणजीने म्हणे एकटीने चोर पकडलेला असतो, आणि पुरावा मागणाऱ्यालाच उद्धट ठरवलं जातं. वळूला ही सवलत नाही. बाप, आई, आईचा बाप, बापाची आई, अंगावरचे ठिपके, शिंगांचं वळण, आजीच्या दुधातली चरबी, सगळं वहीत असावं लागतं. आमच्या पैदास केंद्रातली ती वही बावीस वर्षं मी लिहितो. खाडाखोड एक नाही. लोक अक्षराचं कौतुक करतात. आतलं वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

केंद्र लहान आहे. एक गोठा, एक प्रयोगशाळा, एक कोठी, साहेबांची खोली आणि माझी नोंदणीची खोली. वळू होते दोनच. त्यांचं वीर्य बारीक नळ्यांत भरून वाफाळत्या थंडगार नत्राच्या टाकीत गोठवून ठेवायचं, आणि आमच्या तीन फिरत्या माणसांनी छोट्या टाक्या दुचाकीवर बांधून ते गोठ्यागोठ्यात पोचवायचं. नळीला आम्ही कांडी म्हणतो. थोरल्या वळूची कांडी निळी, भुंड्याची पिवळी. थोरला शिंगाळ, आडदांड, दिसायला असा की माणसांनी फोटो काढून घ्यावेत. भुंडा लांबून आणलेला, परक्या जातीचा, जन्मतःच बिनशिंगाचा. त्याच्या मागच्या सात पिढ्यांत कुणाला शिंग नव्हतं, त्यामुळे गाय कितीही शिंगाळ असो, भुंड्याचं वासरू भुंडंच निघायचं.

सगळं काम रंगावर चालायचं. प्रत्येक गाईच्या कार्डावर तिच्या बापाचा रंग. निळीच्या लेकीला पिवळी द्यायची, पिवळीच्या लेकीला निळी. बाप लेकीच्याच वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. फिरत्या माणसाला वंशावळ पाठ असायची गरज नव्हती. डोळ्यांना रंग दिसला की झालं.

रक्ताची ही काळजी आम्ही गोठ्यात घेतली तेवढी कचेरीत घेतली नाही. साहेब माझ्या बायकोचे सख्खे मामा. प्रयोगशाळेत साहेबांचे मेहुणे. कोठीवर मेहुण्यांचे व्याही. दोन फिरती माणसं म्हणजे साहेबांचे चुलतपुतणे. दुपारी चहाला सगळे एकत्र बसलो की मुलगी बघायला आल्यासारखं वाटायचं. बाहेरची म्हणावी अशी एकच, टाकीवाली. परीक्षेत पहिली आली म्हणून घ्यावी लागली होती. तिशीतली, खणखणीत आवाजाची, घरात आई आणि शिकणारे दोन भाऊ. दुचाकीच्या मागे नत्राची टाकी बांधून ती दिवसाला पंधरा-पंधरा गोठे करायची. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त नोंदी तिच्या. पुतण्यांच्या नोंदी बघून मला कधी वही लवकर संपायची भीती वाटली नाही.

या वर्षी दूधवाली मावशी एका सकाळी हातगाडी ढकलत आवारात आली आणि तिने गाडीवरचं पोतं बाजूला केलं. आत दोन दिवसांचं मेलेलं वासरू होतं. खालचा जबडा दोन बोटं आखूड, पुढचे गुडघे लाकडासारखे ताठ.

"घ्या, ठेवा तुमच्या प्रदर्शनात," मावशी साहेबांच्या खिडकीकडे बघून ओरडली. "आचळ तोंडात धरता येईना त्याला. दोन दिवस बाटलीने पाजलं मी. हीच का तुमची सुधारित अवलाद?"

साहेबांनी खिडकी लावून घेतली. मेहुणे बाहेर आले. मेहुण्यांचा आवाज कधी चढत नाही. ते खोटंसुद्धा दवाखान्यात बोलल्यासारखं हळू बोलतात.

"मावशी, कुणाच्या हातची कांडी होती?"

"टाकीवालीच्या. पण पोरीचा काय दोष?"

"तेच तर शोधायचंय," मेहुणे म्हणाले. त्यांना ते सापडलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

असं वासरू हे पहिलं नव्हतं. नऊ महिन्यांत टाकीवालीने अशा आठ वासरांची नोंद करून मला दिली होती. पुतण्यांच्या भागातून एकही नोंद नव्हती. त्यांच्याकडे अशी वासरं जन्मत नव्हती असं नाही. त्यांच्याकडे ती लिहिली जात नव्हती. म्हणजे कागदावर बघाल तर केंद्रातला सगळा वाकडेपणा एका बाईच्या हातून होत होता. आठवड्याभरात तिला पत्र गेलं: टाकीतल्या नत्राची पातळी राखण्यात हयगय, त्यामुळे माल बिघडला, त्यामुळे वासरं बिघडली. शुक्रवारी चौकशी. दोषी ठरली तर नोकरी जाईल आणि परवानाही. परवाना गेला की कुठलंच केंद्र तिला दारात उभं करणार नाही.

सोमवारी ती माझ्या खोलीत आली. हातात शाळेच्या मुलांची असते तशी वही.

"काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"मला पगार लिहायचा मिळतो, सांगायचा नाही."

"मग लिहिलेलं दाखवा." ती खुर्ची ओढून बसली. "पत्र वाचलंत ना? काका, नत्र कमी पडलं तर कांडीतला जीवच मरतो. गाय उलटते, गाभणच राहत नाही. मेलेल्या कांडीतून वाकड्या जबड्याचं वासरू कसं येईल? एवढं मेहुण्यांना कळत नाही?"

"त्यांना सगळं कळतं. म्हणून तर ते प्रयोगशाळेत आहेत."

ती हसली नाही. वही उघडून माझ्यासमोर सरकवली. पानावर दोन रकाने, एकात कांडीवरची तारीख, दुसऱ्यात वासरू.

"पिवळ्या कांड्यांची सगळी वासरं मी परत जाऊन बघितली. डोक्यावर हात फिरवून. एका तारखेपर्यंतच्या कांड्यांची वासरं झाडून सगळी भुंडी. त्या तारखेनंतरच्या कांड्यांची चौसष्ट वासरं, त्यातल्या एक्कावन्नांना शिंगांची बोंडं. आणि ती आठही वाकडी त्याच चौसष्टांतली. भुंड्याच्या वासरांना शिंगं, काका?"

"आईवर गेली असतील."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझं वय आठवलं.

"तुम्ही बावीस वर्षं ही वही लिहिताय. भुंड्याचं वासरू शिंगांच्या बाबतीत आईवर जात नाही. एक्कावन्न कशाला, एक निघालं असतं तरी पुरे होतं. त्या पिवळ्या कांडीत भुंडा नाही. मग कोण आहे? आणि त्या तारखेला भुंड्याला झालं काय?"

मला तारीख वाचायचीही गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी भुंडा ओल्या फरशीवर घसरला आणि त्याचा मागचा पाय खुब्यातून निखळला. चार महिन्यांनी केंद्राच्या मान्यतेची तपासणी होती, आणि वेगळ्या रक्ताचे दोन चालू वळू असल्याशिवाय मान्यता मिळत नाही. नवा वळू आणायचा तर वर्ष जाणार. तेव्हा मेहुणे अगदी हळू आवाजात म्हणाले होते, "थोरल्याकडूनच जास्तीचं घेऊ. नळी पिवळी वापरू. रंगाचं काय एवढं?" साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. "जावईबापू, चार महिन्यांचा प्रश्न आहे. घरचंच काम समजा."

मी घरचं काम समजलो. आजारपणाच्या वहीत लिहिलं: भुंडा, उभा राहू शकत नाही. संकलनाच्या वहीत, त्याच टेबलावर, त्याच पेनाने, त्याच तारखेला लिहिलं: भुंडा, दोन वेळा, उत्तम. चार महिने असंच. लंगडा वळू पेंढ्यावर पडून होता आणि माझ्या वहीत उड्या मारत होता. तपासणीवाले आले, अक्षराचं कौतुक करून गेले, मान्यता पाच वर्षांसाठी वाढली. मग भुंड्याला कागदोपत्री मरण आलं. खरं मरण त्याला आधीच आलं होतं. नवा वळू काही आला नाही, कारण पिवळ्या कांड्यांचा दहा हजारांचा साठा हाताशी होता.

कांड्या जुन्या आधी निघतात. त्यामुळे पहिली अडीच वर्षं खऱ्या भुंड्यानेच काम केलं आणि मला शांत झोप लागली. तो साठा संपला, मग हा दुसरा बाहेर पडला. निळीच्या लेकींना पिवळी. म्हणजे थोरल्याच्या लेकींना थोरलाच. त्याच्या रक्तात एक खोट असणार, पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिलेली. एका बाजूने आली तर ती कधी दिसत नाही. बाप आणि लेक, दोघांकडून येऊन एका वासरात भेटली की जबडा आखूड होतो. आठवं वासरू लिहीत होतो तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ओळ पुरी केली आणि टिपकागद लावला.

"काका?"

"जुन्या वह्या माळ्यावर आहेत."

"शिडी आहे."

"धूळ फार आहे वर. शनिवारपर्यंत काढून ठेवतो."

"चौकशी शुक्रवारी आहे."

"मग शुक्रवारी सकाळी."

"दोनच पानं लागतील," ती उठत म्हणाली. "आजारपणाचं आणि संकलनाचं. मी तुमचं नाव घेणार नाही. तुम्ही नुसती वही उघडून ठेवा."

पानांवर माझी सही होती, तेव्हा नाव न घेण्याचा तिचा मोठेपणा तसा फुकटच होता. पण गुरुवारी मी खरंच माळ्यावर चढलो. दोन्ही वह्या काढल्या, झटकल्या, पिशवीत घालून घरी नेल्या. माझ्या मनात काय होतं ते मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

घरी बायकोने पिशवी बघितली, मला बघितलं, आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "मामा आले होते दुपारी."

"इकडे?"

"पाच मिनिटं. म्हणाले, फिरतीची एक जागा रिकामी होईलसं दिसतंय. आपली लेक पदविका घेऊन दोन वर्षं घरात बसलीय, ते मामांच्या लक्षात आहे म्हणे." देठ मोडत ती थांबली. "मी म्हटलं, अहो मामा, त्या टाकीवालीचं काय? तर म्हणाले, ते वहीवर अवलंबून आहे."

लेक शेजारच्याच खोलीत होती. पदविकेच्या वेळी तीन महिने ती टाकीवालीच्याच मागे दुचाकीवर बसून गोठे फिरली होती. कांडी कोमट पाण्यात किती मोजेपर्यंत धरायची, ती पुसायची कशी, गाय बिचकली तर तिच्याशी काय बोलायचं, सगळं तिने तिच्याकडून उचललं होतं. घरात दोन-तीन महिने "ताई असं करतात, ताई तसं करतात" चाललं होतं.

"बाबा," ती दारात येऊन म्हणाली, "ताईंची जागा मला नकोय हं. त्यांची चूक नसेल तर."

"असेल तर?"

तिने खांदे उडवले. "असेल तर तुमच्या वहीत असेलच की."

शुक्रवारी मी पिशवी खुर्चीखाली ठेवून साहेबांच्या खोलीत बसलो. साहेब, मेहुणे, टाकीवाली, आणि तक्रारदार म्हणून दूधवाली मावशी. मावशीला वाटलं होतं की तिला बोलायला बोलावलंय.

"साहेब, पोरीचा हात सोन्याचा आहे. माझी गाय तिच्या हातून एकदाही उलटली नाही."

"मावशी, तुमचं वासरू वाकडं जन्मलं की नाही?"

"जन्मलं. पण..."

"झालं तर मग."

"असं कसं झालं तर मग?" मावशी मेहुण्यांकडे वळली. "हा गृहस्थ किती गोड बोलतो हो. याच्या दारात पाठवायला हवी होती मी ती हातगाडी."

मेहुण्यांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मग त्यांनी नत्रावर एक व्याख्यान दिलं. टाकीवालीने मध्येच ते तोडलं. नत्र, उलटणाऱ्या गाई, बोंडं, तारखा, सगळं तिने एका दमात मांडलं. चौसष्ट, एक्कावन्न, आठ. असे स्वच्छ हिशेब त्या खोलीत फार दिवसांत कुणी मांडले नव्हते. साहेब टेबलावरच्या काचेखालचा थोरल्या वळूचा फोटो बघत ऐकत होते.

"माझं नका ऐकू," शेवटी ती म्हणाली. "काकांना विचारा. त्या तारखेला भुंडा काय करत होता, ते त्यांच्या वहीत आहे."

साहेबांनी मान वर केली. आवाज अगदी मामेसासऱ्याचा.

"काय हो, जावईबापू? वह्या तपासल्यात?"

"तपासल्या."

"काही चूक?"

पायाला पिशवी लागत होती. वाकून ती वर घ्यायची, दोन पानं उघडायची, एवढंच काम होतं. तिने मला उठायलाही सांगितलं नव्हतं. मावशी तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती, आणि मला लेकीच्या अंगावर केंद्राचा डगला कसा दिसेल ते दिसत होतं. खोटं कशाला सांगू, डगल्याची बाहीसुद्धा आखूड करून घ्यावी लागेल असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"वहीत चूक नाही," मी म्हणालो. "खाडाखोडसुद्धा नाही."

 टाकीवालीने आपली छोटी वही मिटली, पिशवीत घातली, आणि दाराशी जाऊन फक्त मावशीला म्हणाली, "चला मावशी, रस्त्यापर्यंत सोडते."

दुसऱ्या दिवशी परवाना रद्द झाल्याचं पत्र मीच लिहिलं. पंधरा दिवसांनी लेकीच्या नेमणुकीचंही. मेहुण्यांनी दोन्ही हात पुढे करून अभिनंदन घेतलं, जणू मुलगी त्यांचीच. "आता सगळं घरात आलं," व्याही म्हणाले. डगल्याची बाही बायकोने आखूड केली.

पिवळ्या कांड्या काढून टाकाव्यात असं मी मेहुण्यांना एकदा सुचवून पाहिलं. मेहुणे कौतुकाने हसले. "टाकायच्या तर कारण लिहावं लागेल. काय लिहिणार, सांगा?"  साठा अजून साडेसात हजारांचा आहे.

लेक रुजू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी निघायच्या वेळी ती टाकीचं बक्कल लावता लावता थांबली.

"बाबा, काल डेअरीत ताई भेटल्या. कॅन धुतायत तिथे."

"हं."

"मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पिवळी कांडी वापरू नकोस. निळीच्या लेकीला तर मुळीच नको. म्हणाल्या, का ते तुझ्या बाबांना विचार." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. तिचे डोळे माझ्या आईचे आहेत, असं सगळे म्हणतात. "तर विचारतेय."

बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज बंद झाला. गल्लीत कुणी दुचाकीला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. चौकशीच्या शुक्रवारी समोर साहेब होते. आज समोर फक्त लेक होती, आणि तिला फक्त हो किंवा नाही हवं होतं. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता: मग त्या दिवशी तुम्ही काय सांगितलंत? त्याचं उत्तर दिल्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला आधीच दिसली, आणि वासरं मला त्याहून लांब वाटली. नऊ महिने नऊ दिवस लांब.

"नोकरी गेली की माणूस कडवट होतो," मी म्हणालो. "मनावर घेऊ नकोस. कार्डावर असेल तेच दे."

"मलाही तसंच वाटलं." तिचा चेहरा मोकळा झाला. तिने बक्कल लावलं. "त्यांना म्हटलंसुद्धा मी. ताई, तुम्ही मला शिकवलंत ते सगळं मान्य, पण माझे बाबा खोटं लिहीत नाहीत."

"काय म्हणाली?"

"पाण्याचा नळ मोठा केला आणि कॅन धुवायला लागल्या."

ती गेली. दुपारी केंद्रावर परतली तेव्हा घामाने भिजली होती आणि खूष होती. पहिल्यांदाच एका दिवसात बारा गोठे केले होते तिने. चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून ती समोरच्या खुर्चीत बसली आणि एकेक वाचून दाखवू लागली, मी लिहीत गेलो. सातवी चिठ्ठी दूधवाल्या मावशीची होती.

"मावशी आधी हात लावू देईना," लेक हसत म्हणाली. "म्हणाली, कुणाची गं तू? मी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, नोंदणीवाल्यांची मुलगी. बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, घाल बाई, मला तरी दुसरं कोण आहे. गाय निळीची. पिवळी दिली."

मी गाईचा क्रमांक लिहिला. तारीख लिहिली. कांडीचा रंग, पिवळा. नऊ महिने नऊ दिवस पुढची तारीख काढून विण्याच्या रकान्यात घातली. त्याच्या शेजारी नोंद करणाऱ्याचा रकाना असतो, तिथे लेकीचं नाव लिहिलं. वासराच्या बापाचा रकाना राहिला होता. लेक टेबलावर कोपरं टेकून, पुढची चिठ्ठी हातात धरून, माझा हात थांबलेला बघत होती.

"भुंडा ना, बाबा?" ती म्हणाली.

"भुंडा," मी म्हणालो, आणि लिहिलं.